कोरड्या तळ्यावरचे शेजारी

"उद्या मिठाच्या तळ्यावर मुक्काम टाकणार म्हणता? टाका बापडे. मी कोण नको म्हणणारा?" ऑर्विल आजोबांनी बुटाच्या टोकाने शेकोटीतलं लाकूड आत सारलं. "पण आत्ता सांगतो ते ऐका, आणि मग काय ते ठरवा."

त्यांची नात ब्रिन मैत्रिणींकडे बघून हसली. "झालं! आजोबांची भुतं उठली."

"भूत होतं की आणखी काही, ते मला ठाऊक नाही, बाळा. पण माणसं खरी होती. ती बाई माझ्यासमोर बसून रडलीये."

मग कुणी हसलं नाही. आजोबा सांगायला लागले.

बाईचं नाव आर्डिस, नवरा व्हर्लिन स्टूकल. नेब्रास्काची माणसं. तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता, ती शाळेची बस चालवायची. दोघं निवृत्त झाली, घर विकलं आणि एक जुनी आरव्ही घेतली. चाकांवरचंच घर म्हणा ना, आत पलंग, चूल, मोरी, सगळं. व्हर्लिनची जन्माची हौस होती ती. त्या सिग्नलच्या खोपटात बसून त्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या जाताना पाहिल्या होत्या. म्हणायचा, "आता आपली गाडी, आणि सिग्नल आपलाच."

पण घर विकलं त्याच हिवाळ्यात त्याचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग रस्ते. एकदा तर चुलीवर किटली ठेवून हा बाहेर जाऊन खुर्चीत बसला, आणि किटली जळून काळी. डॉक्टरांनी आर्डिसला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. लेक म्हणाली, "आई, आता कसली प्रवासाची थेरं करता?" आर्डिस म्हणाली, "आता नाही तर कधी? त्याला अजून दिसतंय, अजून आवडतंय. तेवढं तरी बघू दे." आणि स्टिअरिंगवर ती बसली.

दिवस मोठे झकास गेले म्हणे. लाल दगडांच्या कमानी बघितल्या, खोल दऱ्या बघितल्या. एका ओसाड चांदीच्या गावात व्हर्लिनने न्हाव्याच्या मोडक्या खुर्चीत बसून फोटो काढून घेतला. रस्त्यावरची प्रत्येक पाटी तो मोठ्याने वाचायचा. आर्डिस म्हणायची, "मला डोळे आहेत रे." तो म्हणायचा, "मग नकाशा घडी करून ठेव, आणि माझ्यावर विश्वास टाक." ती हसायची. एकटी असली की मात्र रडायची.

नेवाडात शिरल्यावर ते कातळचित्रांपाशी थांबले. तिथे रात्री व्हर्लिन खिडकीचा पडदा बाजूला करून म्हणाला, "शेजारी आलेत."

आर्डिसने पाहिलं. बाहेर काळोख. दगड.

"कुणी नाही रे."

"दिवा लागलाय की त्यांच्या ओट्यावर. बाई भांडी पुसतेय."

आर्डिस दचकली. भुताच्या भीतीने नव्हे हं. डॉक्टर म्हणाले होते, पुढे पुढे नसलेलं दिसायला लागेल. तिला वाटलं, सुरू झालं. तिने पडदा ओढला, त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि रात्रभर छताकडे बघत राहिली.

पुढच्या मुक्कामालाही तेच. ह्या वेळी व्हर्लिन म्हणाला, "काल लांब होते, आज जवळ लावलीय गाडी." आणि थोड्या वेळाने, "ती बाई तुझ्यासारखीच दिसते पाठमोरी."

"मग माझ्यासारखीच दमली असेल. झोप आता."

तिसरा मुक्काम त्या तळ्यावर पडला. ऑक्टोबरातला गुरुवार होता, आणि अमावास्या. खरं तर त्यांना गावातच थांबायचं होतं. आर्डिस मैल्याची टाकी रिकामी करून पाणी भरायला म्हणून आडवाटेने निघाली, आणि ते पांढरं मैदान बघून व्हर्लिन लहान मुलासारखा हट्टाला पेटला. "बर्फ! आर्डिस, बर्फ पडलाय!" बर्फ कसला, मीठ ते. पण त्याचा चेहरा असा उजळला होता, की तिच्याने पुढे जाववेना. तिने गाडी कोरड्या तळ्यात उतरवली. मावळतीपर्यंत दोघं खुर्च्या टाकून बाहेर बसली. बीन्स गरम करून खाल्ल्या. व्हर्लिनने चिमूटभर जमीन उचलून बीन्सवर टाकली आणि म्हणाला, "एवढं मीठ असून तुझ्या जेवणात कधी पुरेसं नसतं." असा माणूस!

दार आतून लावून दोघं झोपली.

मध्यरात्र उलटली असेल. आर्डिसला जाग आली. वारा नव्हता. कोल्हे नव्हते. पडद्यावर पिवळा उजेड पडला होता.

तिने पडद्याची कड उचलली.

शेजारी गाडी उभी होती. हात बाहेर काढला तर लागेल, इतकी जवळ. तिच्या येण्याचा आवाज नाही की काही नाही. त्यांच्यासारखीच जुनी आरव्ही, तसाच पत्र्याला गेलेला पोचा. ओट्यावरच्या खिडकीत दिवा होता. एक बाई पाठमोरी उभी होती. केस वर बांधलेले, आर्डिस बांधायची तसे. ताटली पुसत होती.

तीच ताटली. पुन्हा पुन्हा. तीच.

आर्डिसला वाटलं, मी स्वप्नात आहे. मग वाटलं, ह्या बिचाऱ्याला दिसत होतं ते खरंच होतं, आणि मी त्याला वेडा ठरवलं.

तेवढ्यात त्या बाईचा हात थांबला.

ती वळली नाही. पण हाक आली, आणि ती त्या खिडकीतून आली नाही. इकडून आली. ह्यांच्या दाराशी.

"व्हर्लिन... कॉफी झालीये. ये ना."

पोरींनो, आवाज आर्डिसचा होता. जसाच्या तसा. सकाळचा, थोडा घोगरा.

व्हर्लिन उठून बसला. "आलो गं," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. आर्डिसने त्याच्या तोंडावर हात ठेवला. का ठेवला ते तिलाही सांगता आलं नाही. रात्री-अपरात्री अशा हाकेला ओ देऊ नये, एवढंच तिला आतून कळलं.

त्याने तिचा हात काढला. "आर्डिस बोलावतेय."

"आर्डिस मी आहे. इथे. बघ ना माझ्याकडे."

उशाशी छोटा दिवा होता, तो तिने लावला. व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा तिच्याकडे.

बाहेरून आवाज आला. हळू.

"व्हर्लिन... तुझ्याजवळ कोण आहे?"

व्हर्लिन सरकला. तिच्यापासून दूर. भिंतीला टेकेपर्यंत. इतक्या वर्षांचा नवरा, आणि तिला घाबरून अंग चोरतोय. आर्डिस मला म्हणाली, त्या हाकेची वाटली नाही तितकी भीती त्याच्या त्या नजरेची वाटली.

"मी विचारतो," व्हर्लिन म्हणाला. "ओळखीचं विचारतो. हिमवादळात मी खोपटात अडकलो होतो. आर्डिस जेवण घेऊन आली. काय आणलं होतं?"

आर्डिसने तोंड उघडलं. त्याआधीच दाराशी उत्तर आलं.

"बटाट्याचं सूप. थर्मासचं झाकण हरवलं होतं, म्हणून तोंडावर तुझा मोजा बांधला होता."

खरं होतं. मोजासुद्धा खरा होता.

"आपल्या कुत्र्याला काय झालं?"

"गाभण गाय अंगावर आली, म्हणून तो उडी मारून बाजूला झाला, तो थेट ट्रकखाली. तू खड्डा खणलास. मला बघू दिलं नाहीस."

तेही खरं. आर्डिस रडायला लागली. काय करणार? ती जे सांगणार, ते बाहेरचं आधी सांगत होतं. व्हर्लिनने पाय पलंगाखाली सोडले. बूट चाचपले.

"एकच," तो म्हणाला. "लेक झाली त्या रात्री, दवाखान्याच्या दारात, मी काय म्हणालो होतो?"

बाहेरून लगेच. एक शब्द न अडखळता.

"तू म्हणालास, मुलगी झाली तर तिला रेल्वेत घालू नकोस, आकाशात घाल."

व्हर्लिनने आर्डिसकडे पाहिलं. वाट बघत.

तिने आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. डोकं रिकामं.

"मला नाही आठवत," ती म्हणाली, आणि मग तिला रागच आला. "कसं आठवेल, मेल्या? मला कळा येत होत्या! तू दारात उभा राहून काय बडबडत होतास, ते कोण ऐकत होतं?"



व्हर्लिनच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"मलाही नाही आठवत," तो म्हणाला.

"मग विचारलंस कशाला?"

"आर्डिसला कधीच काही आठवायचं नाही. माझा वाढदिवससुद्धा नाही." तो सरकत तिच्याजवळ आला. तिचा हात धरला. दाराकडे बोट केलं, आणि तिच्या कानात म्हणाला, "तिला सगळंच आठवतं."

दाराची मूठ हलली.

हळू... खाली. हळू... वर.

कडी होती. टिकली.

मग बराच वेळ काही नाही. आर्डिसने श्वास सोडला, तोच आवाज आला, आणि आता तो दाराशी नव्हता. उशापलीकडे. पत्र्याला तोंड लावून बोलावं तसा.

"बरं."

एवढंच. पडद्यावरचा उजेड विझला.

दोघं उजाडेपर्यंत एकमेकांना धरून बसली. सकाळी दार उघडलं, तर तळ्याच्या पांढऱ्या जमिनीवर ह्यांच्याच चाकांच्या रेघा. आर्डिसने दोन्ही खुर्च्या तिथेच टाकल्या आणि गाडी हाणली.

पुढचं मला तिच्या पत्रांतून कळलं. तिने आरव्ही मिळेल त्या भावात काढून टाकली आणि लेकीच्या गावी बिऱ्हाड केलं. व्हर्लिन आणखी काही हिवाळे जगला. लेकीचं नाव विसरला, नातवंडं विसरला. आर्डिसला विसरला नाही. पण ती बाजारातून आली की दाराआडून काहीतरी जुनंपुराणं विचारायचा, आणि उत्तर चटकन आलं की घाबरायचा, उघडायचाच नाही. मग ती शिकली. उत्तर माहीत असलं, तरी पिशव्या खाली ठेवायची आणि म्हणायची, "नाही रे आठवत." की लगेच कडी निघायची. शेवटी तो झोपेतच गेला, तिचा हात हातात घेऊन. चांगलं मरण आलं.

आजोबा थांबले. शेकोटीत काहीतरी फुटलं.

"पण आजोबा," ब्रिन म्हणाली, "तुम्हाला ती बाई भेटली कुठे?"

"त्याच सकाळी. तेव्हा हायवेवर माझी खानावळ होती ना. तव्यावर मीच होतो. दार उघडलं, आणि ती नवऱ्याला हाताला धरून आत आली. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, 'आणलंत ना यजमानांना? बसा. त्यांची अंडी झाकून ठेवलीत, तुम्ही म्हणालात तशी.'

"ती म्हणाली, 'मी कधी म्हणाले?'

"मी म्हटलं, 'मघाशीच की. त्या खिडकीशी बसला होतात. दोघांचं सांगितलंत. म्हणालात, त्याचं झाकून ठेवा... आज नाही, तर उद्या येईल.'"

ब्रिन शेकोटीजवळ सरकली.

"मला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. म्हणून तिला घेऊन त्या टेबलाशी गेलो. झाकलेली ताटली उचलली. अंड्यांतून वाफ येत होती, पोरींनो. कधीची ठेवलेली, आणि वाफ! समोर बाईसाठी ओतलेला कॉफीचा कप होता, माझ्या हाताने काठोकाठ भरलेला. तो मी उचलून बघितला."

आजोबांनी स्वतःचा रिकामा तळवा शेकोटीपुढे धरला.

"कोरडा होता. तळाशी पांढरं मीठ. भेगा पडलेलं..."