या नंबरवरची आई

भाकरी उरकून दैवशाला उंबऱ्यात टेकली की सरकारी फोन यायचा. दर आठवड्याला, दुपारचा. बाईचा मऊ, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज. पोटातलं बाळ किती वाढलं, रक्तवाढीची गोळी घेतली का, जेवण वेळेवर होतं का.

फोन दैवशालाचा, निरोप मोनालीचा. दैवशाला वाटूरजवळच्या त्या वस्तीची आशाताई. ज्या गरोदर बाईकडे मोबाइल नसेल तिच्या नावापुढे ती आपलाच नंबर टाकायची. मोनालीच्या घरी मोबाइल एकच, तोही नवऱ्याच्या खिशात.

"ताई, आली का तुमची फोनवाली?" म्हणत मोनाली पोट सावरत यायची अन् फोनला कान लावून बसायची. "माह्या सासूपरीस बरी हाय बघा. जेवली का म्हणून इचारते तरी."

दैवशालालाही तेव्हा दिवस गेलेले. दोघींचे महिने बराबरीचेच. पण गावभरच्या बायांची नोंद करता करता तिची स्वतःची नोंद राहूनच गेली. तिच्या नंबरवर त्या वेळी आई एकच होती. मोनाली.

मोनाली बाळंतपणाला नेताना जालन्याच्या वाटेवरच गेली, गाडीत, दैवशालाच्या मांडीवर डोकं ठेवून. बाळ पोटातच राहिलं.

"फोन आला तर मला सांगा, ताई," एवढंच ती शेवटी बोलली.

पुढं थोड्याच दिवसांनी दैवशालाला अर्पिता झाली. गोरीगोमटी, पण फार शांत. महिने उलटले तरी मान धरेना, हसेना. सासू साळूबाई तेल जिरवता जिरवता म्हणायची, "लेकरू हाय का मेणाची भावली?"

एका दुपारी फोन वाजला. तोच मऊ आवाज.

"अभिनंदन. तुमचं बाळ आता मान धरू लागेल."

हा निरोप मोनालीच्या बाळाचा होता. मांडीवर पालथी पडलेल्या अर्पितानं हळूच मान उचलली.

"बघ! उगाच घोर लावून घेत होतीस," म्हणत साळूबाईनं कडाकडा बोटं मोडली.

पुढच्या फोननं सांगितलं, बाळ आता हसेल. अर्पिता हसली. दैवशाला आनंदानं रडली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच आरोग्य केंद्रात जाऊन उभी राहिली.

"मोनालीचं नाव म्या माझ्या हातानं बंद केलं, ताई," कॉम्प्युटरवर बसणारा साहेबराव म्हणाला. "इथून फोन जाऊनच न्हाई राह्यला."

"मंग माझं नाव टाका. माझं अन् लेकीचं. याच नंबरवर."

त्यानं टाकलं. पुन्हा टाकलं. मग डोकं खाजवलं.

"घेतच न्हाई. म्हणतंय, या नंबरवर बाळ हाय. आई बी हाय. असं कर ना ताई, नंबरच बदल."

तिनं सिमकार्ड काढून मसाल्याच्या डब्यात टाकलं, नवं घेतलं. त्याच संध्याकाळी अर्पिताची मान कलली. दूध तोंडातून ओघळू लागलं. जालन्यात मस्तगडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उलटसुलट तपासलं अन् म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. दूध का सोडलं, तेच कळत नाही."

अर्पिता सुकत चालली. अंगावरचं झबलं ढगळ झालं. दैवशालाचा पदर दुधानं भिजायचा अन् लेक छताकडे बघत पडून राहायची.

शेवटी दैवशालानं स्वतःच्या हातानं डबा उघडला. हळदीनं पिवळं झालेलं सिमकार्ड पुसलं. फोनमध्ये घातलं.

लगेच वाजला.

"बाळ आता आईला ओळखू लागेल. आईला पाहून झेप घेईल."

अर्पितानं डोळे उघडले. मान उचलली.

"अर्पे, माझ्याकडं बघ ना माय."

अर्पितानं पाहिलं. तिच्याकडे नाही. तिच्या खांद्यावरून, उंबऱ्याकडे. खुदकन हसली, अन् दोन्ही हात पसरले.

दैवशालानं वळून पाहिलं. उंबरा रिकामा होता.

"निरोप पुन्हा ऐकायचा असेल तर एक दाबा," फोन नेहमीसारखा म्हणाला.

तिनं काही दाबलं नाही. निरोप पुन्हा सुरू झाला.

तिनं लेकीला घट्ट धरलं. लेक मांडीवरच होती. वजन तेवढं कमी होत चाललं होतं, लेकराची झोप मोडू नये म्हणून कुणी अलगद उचलून घ्यावं तसं.