अकरा मिनिटं जास्त

आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी, साडेदहाच्या सुमारास, सिग्नेची तिसरी डीव्हीडी फिल्म उतरवताना चौऱ्याण्णव टक्क्यांवर मेली.

आता कोरी एकच उरली होती. दुपारी गावच्या सभागृहात ऐंशी माणसं जेवायला येणार, आणि छापील कार्यक्रमात सूप आणि भाजलेलं मांस यांच्या मध्ये ठळक अक्षरांत होतं – ‘सिग्नेची फिल्म’. डेन्मार्कच्या त्या कोपऱ्यात एकवेळ पाद्री बदलेल, छापलेला कार्यक्रम बदलत नाही.

दोष तिचाच. सुरळीत चाललेलं सॉफ्टवेअर तिनं काल अपग्रेड केलं होतं. का, तर नव्या आवृत्तीत पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात म्हणून.

पाकळ्या मात्र उत्तम पडत होत्या.

तेवढ्यात दारात शेजारचा एस्बेन उभा. पहाटे शेजाऱ्यांनी तिथल्या रीतीप्रमाणे दाराशी हिरव्या फांद्यांची कमान उभारली होती. त्याची शिडी तिथंच राहिली होती.

“शिडी न्यायला आलो... रडतेयस की काय?”

“छे! डीव्हीडी होत नाहीये.”

“सरक बघू.”

वाचनालयातले संगणक तोच दुरुस्त करायचा; त्याला नको म्हणायला तिला कारण सापडेना. तो शेजारी बसला. त्याच्या स्वेटरला अजून पाइनचा वास होता. सिग्ने सरकली, पण जेमतेम.

“वेग सगळ्यात जास्त ठेवलायस. घाई कसली?”

“ऐंशी माणसांची!”

त्यानं वेग कमी केला. मग भुवई उंचावली. “फिल्म किती मिनिटांची?”

“साठ.”

“हा तर एकाहत्तर म्हणतोय. मावणार कशी? ही अकरा मिनिटं कुठून आली?”

सिग्नेला एकदम आठवलं. कापलेले तुकडे तिनं पुसले नव्हते. पुसवलेच नव्हते. फिल्म संपून काळोख झाल्यावर, अगदी शेवटी ढकलून, ‘लपवा’वर खूण केली होती. नव्या आवृत्तीनं पाकळ्या दिल्या आणि खूण खाल्ली.

“नको... शेवटी काही नाहीये. नुसतं...”

पण तोवर त्यानं फिल्म शेवटाकडे नेली होती. पडद्यावर गुरुवारची दुपार. त्याच्याच कोठाराची भिंत, तिला टेकवलेली कमान, शिडीवर एस्बेन, चंदेरी ‘२५’साठी खिळा ठोकताना. मग जवळून एस्बेन. मग एस्बेनची मान. मग त्याचा कान, बराच वेळ.

“हे काय?”

“प्रकाशाची चाचणी,” सिग्ने म्हणाली.

“कानावर?”

आता हा हसणार, आपण याच्यासमोर पुन्हा कधी पाव आणायलासुद्धा बाहेर पडू शकणार नाही, गाव सोडावं लागेल, नॉर्वेत मावशी आहे...

एस्बेन हसला नाही. लाल मात्र झाला, त्याच कानापर्यंत.

“सिग्ने... एक खिळा होता. तीन ठोक्यांत बसला असता.”

“मग?”

“मग काय? तू कॅमेरा खाली ठेवीचना.”

त्यानं अकरा मिनिटं कापली. पुसली नाहीत, वेगळी जपून ठेवली. शेवटची डीव्हीडी आत सरकवली. दोघं टक्क्यांच्या पट्टीकडे बघत बसले. नव्वद... त्र्याण्णव... चौऱ्याण्णववर सिग्नेनं त्याची बाही घट्ट धरली.

“गेली तर?”

“तर सूप झाल्यावर मी शिडी आणून खिळा ठोकून दाखवीन.”

पंच्याण्णव.

सभागृहात फिल्म छान झाली. बाबांनी दोनदा नाक शिंकरलं. पण पडदा काळा झाला आणि सिग्नेचा धीर सुटला – नव्या आवृत्तीचा काय भरवसा? आता ऐंशी माणसांना तो कान दिसणार! आईबाबांच्या शेजारी बसलेली ती सरळ टेबलाखाली शिरली. तिला बाहेर काढायला एस्बेन मागोमाग वाकून आत शिरला, आणि पांढरा टेबलक्लॉथ दोघांच्या मागे खाली पडला.

पडदा काळाच राहिला. कुणीतरी पाय आपटायला सुरुवात केली, मग सगळं सभागृह आपटू लागलं. पाय आपटले की जोडप्यानं टेबलाखाली जाऊन चुंबन घ्यायचं, हा तिथला नियम. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून सूट नाही.

आई हसत वाकली, टेबलक्लॉथ उचलला, आणि तसाच हलकेच सोडून सरळ झाली.

“होल्गर,” ती नवऱ्याला म्हणाली, “आपण वरच उरकू. खाली जागा नाहीये.”