फ्रेट बसवायला इंदापूरहून

टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबुळकं काखेत धरून तो वर्कशॉपच्या दारात उभा राहिला, तेव्हा सारजाला वाटलं, कुणाच्या तरी पंपाचा शाफ्ट वाकलेला दिसतोय. बारामती एमआयडीसीतल्या त्यांच्या वर्कशॉपात असलंच काहीबाही यायचं. तिनं हात पुढं केला.

"आणा हिकडं. किती वाकलाय?"

"वाकलेला नाही... रुसलाय," तो म्हणाला आणि हसला.

हे हसणं जरा जास्तच चांगलं होतं. सकाळी सकाळी, हाताला ग्रीस लागलेलं असताना, असल्या गोष्टींची सारजाला सवय नव्हती.

टॉवेलातून निघाली गिटारची दांडी. त्याचं नाव पुष्कर. इंदापुरात त्याचं गिटारी बनवायचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दांडीवर आडव्या बसवायच्या धातूच्या बारीक पट्ट्या त्यानं खिशातून काढून दाखवल्या. "यांना फ्रेट म्हणतात. सूर सगळा यांच्यावर. हातोडीनं ठोकून बघितल्या, पण एक टोक बसवलं की दुसरं वर येतं. एकसारखं दाबून बसवायला प्रेस पाहिजे."

"प्रेस हाय की!" सारजानं कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं ट्रॅक्टरची बेअरिंगं बसवायचा हायड्रॉलिक प्रेस उभा होता, माणसापेक्षा उंच. "पण त्यात ही दांडी घातली तर कुट्टी हुईल. आधीच सांगून ठिवते."

त्याचा चेहरा असा काही पडला की सारजाला राहवेना. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती वडिलांच्या, म्हणजे आबांच्या वर्कशॉपात बसायला लागली, त्याला काही वर्षं झाली होती. आलेलं काम परत पाठवायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. हा पडलेला चेहरा परत पाठवणं तर त्याहून अवघड. तिची नजर फिरत फिरत टेबलावरच्या उभ्या ड्रिल मशीनवर थांबली.

"मोटर चालूच करायची न्हाय. बिट काढायचं, तितं एक ठोकळा धरायचा आन् हँडल खाली वडायचं. लाकडाला तेवढा दाब बास झाला."

पहिला ठोकळा सपाट होता. पट्टी मधे बसली आणि दोन्ही टोकं वर राहिली. सारजानं दांडीवरून बोट फिरवलं. "ही सपाट कुठं हाय? पोटाला गोलाई हाय हिच्या." मग तिनं ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला आणि दांडीवर लावून बघत, घासत, पुन्हा लावून बघत तस्साच गोल केला. या वेळी हँडल ओढल्यावर पट्टी गुमान लाकडात जाऊन बसली. दोघं एकदमच वाकून बघायला गेले. त्याच्या शर्टाला पॉलिशचा वास येत होता.

"तुम्हाला गिटार येते?" त्यानं विचारलं.

"न्हाय. तुमाला बेअरिंग बसवता येतं?"

"नाही."

"मग फिट्टंफाट."

जाताना तो दारात घुटमळला. "आणखी दोन-चार गिटारी आहेत दुकानात... आणू का?"

"आणा की. मशीन कुठं पळून चाललंय?" सारजा म्हणाली, आणि तो गेल्यावर स्वतःशीच हसली.

तो येतच राहिला. उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत, मळीच्या वासातून, इंदापूरहून बारामती. वाटेत निमगाव केतकीला थांबून आबांसाठी विड्याची पानं घ्यायचा. आबा पान लावता लावता दोघांकडं बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "सारजे, इंदापुरात ड्रिल मशीनं मिळत न्हाईत व्हय गं?"

"मला काय ठावं, आबा? त्यांनाच इचारा."

पण तिलाही तेच तर विचारायचं होतं. हा येतो तो आपल्यासाठी, की नुसता ड्रिलसाठी? मोटारसायकल वाजली की तिचा हात आपोआप केसांकडं जायचा, आणि केसांना ग्रीस लागायचं. आणि तो मात्र आल्या आल्या मशीनपाशी जाऊन उभा! माणसानं यंत्राचा मत्सर करावा म्हणजे फारच झालं, पण सारजा त्या ड्रिलचाही करायला लागली होती.

यंत्राचं एक वेळ परवडलं. मग इरा आली.

म्हणजे आधी तिची दांडी आली. काळ्याभोर शिसवीची, आणि टोकाला शिंपल्याचं इवलंसं फूल जडवलेलं. आजवरच्या एकाही दांडीवर फूल नव्हतं.

"ही कुणाची?"

"इराची." मग तो थोडा थांबला. "पुण्यात असते. मी तिकडं काम शिकत होतो ना, तेव्हा आमचं... लग्न ठरत होतं."

"मग?"

"नाही ठरलं. तिला पुणं सुटेना, मला इंदापूर. पण गिटार करून द्यायचं कबूल केलं होतं."

इरा. काय पण नाव! तोंडात घातलं की विरघळावं असं. आणि आपण सारजा, आजीचं नाव चिकटवून ठेवलेलं. त्या इराच्या हाताला ग्रीस तर सोडाच, धूळसुद्धा लागत नसेल. सारजानं पट्टी ठेवली आणि बेअरिंग ठोकून बसवावं तसं हँडल खाली ओढलं. पट्टी एकदा बसलेली असताना वर आणखी एकदा.

ठोकळा उचलला, तर शिसवीत खड्डा.

सारजा रडकुंडीला आली. लाकडाचं वाईट वाटत होतं, आणि खड्डा पडला याचा थोडा आनंदही होत होता, त्याचं जास्त वाईट वाटत होतं. पुष्कर मात्र रागावला नाही. त्यानं ती पट्टी हळूच उपटली, रुमाल ओला करून खड्ड्यावर ठेवला आणि विचारलं, "इस्त्री आहे?"

घर वर्कशॉपच्या मागंच होतं; सारजा पळत जाऊन इस्त्री घेऊन आली. इस्त्रीची वाफ बसली तसं दबलेलं लाकूड फुगून वर यायला लागलं. "शिसवी सोसते," तो म्हणाला. "रागानं दाबली तरी."

"मी कशाला रागवू? माझी कोण लागती ती?"

"तेच तर मी विचारतोय."

सारजानं इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. त्या दिवशी चहाही विचारला नाही तिनं.

उरलेल्या पट्ट्या बसवायला तो परत आला तेव्हा म्हणाला, "आज इरा येणार आहे. इंदापूरच्या कॉलेजात कार्यक्रम आहे तिचा. जाता जाता दांडी हातात धरून बघायचीय तिला, जाड वाटते का ते." पट्ट्या बसवून झाल्या तसा तो नाक्यावर चहा आणायला गेला, आणि नेमकी तेव्हाच गाडी दारात थांबली. जमायचं ते असंच जमतं.

इरा सुंदर होती. सारजानं मनातल्या मनात पुष्कळ खोट काढून बघितली, निघेना. वर ती वागायलाही चांगली, म्हणजे रुसायलासुद्धा जागा ठेवली नाही बाईनं. दांडी हातात घेऊन तिनं पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "किती एकसारख्या बसल्यात! तूच बसवल्यास का गं?"

"व्हय. ह्या ड्रिलवर."

"ड्रिलवर?" इरा गोंधळली. "मग मी पाठवलेला प्रेस?"

"कसला प्रेस?"

"फ्रेट बसवायचा. खास त्याच कामाचा, गोलाईच्या ठोकळ्यांसकट. दिवाळीत पाठवला मी त्याला. पोचला म्हणून फोनही आला होता त्याचा."

सारजा मशीनला टेकली. दिवाळी होऊन गेली, संक्रांत तोंडावर आली... आणि हा माणूस ट्रॉल्यांच्या गर्दीतून येतोय, हातात दांडी घेऊन. आधी तिला संताप आला. खोटारडा! मग डोक्यात हिशेब लागला, आणि तिचे कान गरम झाले.

पुष्कर चहाची किटली घेऊन दारात आला तो दोघींच्या नजरा बघून तिथंच थांबला.

"प्रेस खोक्यातच आहे का रे अजून?" इरानं विचारलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "हो."

इरानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा सारजाकडं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग ती हसली. "दांडी छान झालीय, पुष्कर. चहा राहू दे, मला उशीर होतोय." आणि गाडी गेली.

"तुमी खोटं बोलला माज्याशी."

"पहिल्यांदा आलो तेव्हा खरंच नव्हता प्रेस," तो म्हणाला. "नंतर आला... पण तो उघडला असता, तर इकडं यायला काय कारण सांगितलं असतं? मला दुसरं काही येत नाही, सारजा. ना बेअरिंग, ना बोलायला. तू हँडल ओढतेस आणि ओठ चावतेस... तेवढं बघायला येतो मी. आवडतेस तू मला. फार."

किटली त्याच्या हातातच होती. सारजानं ती काढून घेतली, कारण चहा सांडत होता, आणि तिचा हात तसाच त्याच्या हातावर राहिला.

"तिनं दिलेला प्रेस दुकानात जपून ठिवलाय म्हंजी?"

"जपून कुठं? कोपऱ्यात पडलाय."

"न्हाय. तितं न्हाय ऱ्हायचा तो. हितं आणून टाक. मी कपाटात घालून कुलूप लावणार हाय."

"अगं, चांगला प्रेस आहे तो!"

"म्हनूनच."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मोटारसायकलला मागं भलं मोठं खोकं बांधलेलं होतं. टॉवेल नव्हता, दांडी नव्हती, बसवायची एक पट्टीसुद्धा नव्हती. तरी तो संध्याकाळपर्यंत थांबला.