एकोणसाठ

हेमलता फाटकच्या बातमीला पुन्हा त्रेसष्टच आला, आणि तिने कपाळावरचा पट्टा काढून टेबलावर आपटला. ऐंशीच्या खालची बातमी लोकांच्या फोनवर उमटतच नसे.

हा आकडा म्हणजे निश्चयांक. माणूस शंका घेतो तेव्हा मेंदूचा एक कोपरा जास्त राबतो. पट्टा तिथल्या लहरी टिपतो आणि लिहिणाऱ्याची खात्री शंभरपैकी किती, ते बातमीच्या डोक्यावर छापतो. थापाड्या वार्ताहरांना विटलेल्या लोकांनी हा कायदा मोर्चे काढून मागून घेतला होता.

बातमी साधी होती. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी गावाच्या टाकीत झिरपत होतं. हेमलताने पट्ट्याच्या जनकालाच, डॉ. इनामदारांना, फोन लावला.

"डॉक्टर, मी काय खोटं लिहितेय?"

"छे हो! खोट्याची लहर वेगळी. तुमची शंकेची आहे."

"असणारच! तीन नमुन्यांत शिसं निघालं, चौथ्याचा अहवाल यायचाय. शंका घेण्याचाच पगार मिळतो मला!"

"पट्टा तुमचं मन मोजतो, बाई. टाकी नाही."

"धन्य आहे तुमची!" तिने फोन ठेवला.

शेजारच्या टेबलावर अरविंद मोघे बसे. चहा पाजील त्याचं सगळं खरं मानणारा भोळा सांब. त्याचा आकडा कधी पंच्याण्णवच्या खाली उतरला नव्हता, म्हणून गावाचा त्याच्यावर भारी विश्वास. हेमलताने नाइलाजाने चहा मागवला आणि त्याला सगळं सांगितलं. "अरे बाप रे!" म्हणत त्याने लिहून टाकलं. सत्त्याण्णव. दुपारपर्यंत गावाने हंडे ओतून दिले.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मॅनेजरने मोघेला चहाला बोलावलं.

"ताई, साहेब माझ्यासमोर टाकीचं पाणी प्यायले हो!" परत आल्यावर तो हेमलताला म्हणाला.

"अरे कर्मा, एका पेल्याने काय होतंय! लोक रोज पितात ते!"

पण 'पाणी निर्धोक' केव्हाच छापून गेलं होतं. अठ्ठ्याण्णव.

संध्याकाळी चौथा अहवाल आला. शिसं मर्यादेच्या तिप्पट. आता तिला पाण्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. तिने पट्टा बांधला, लिहिलं, आणि आकडा पाहून डोकं धरलं. लोक आपलं ऐकतील का, ही शंकाही मेंदूच्या त्याच कोपऱ्यात राहते.

ती अहवाल घेऊन घरी धावली. नवरा नळाखाली तांब्या भरत होता.

"श्रीधर, पिऊ नकोस! मी आत्ताच बातमी दिलीय."

"किती आला?"

तिने कागद त्याच्यापुढे धरला. "एकोणसाठ. पण हा अहवाल तर बघ!"

"अगं, तुझी तुलाच खात्री नाही," तो समजुतीने म्हणाला, आणि त्याने तांब्या तोंडाला लावला.