शेवटच्या खुर्चीवरचं ब्लँकेट

हे माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत घडलंय. त्या मोठ्या दवाखान्यात आया आहेत, तातडीच्या विभागात. खोटं रचून सांगायची त्यांना अक्कलच नाही, म्हणून पोरींनो, तुम्हाला सांगते.

गेल्या वर्षाची शेवटची रात्र. सिस्टरनं त्यांना धुलाईखोलीतून चादरी आणायला सांगितल्या. त्या निघतात तर दारात एक पोरगी उभी. एकटीच.

"घरी थांबले तर जिवाचं काहीतरी करून घेईन," म्हणाली. "म्हणून आले."

सिस्टर बिस्किट चघळत होती. "लागलंय का कुठे? नाही ना? मग बस तिकडे शेवटच्या खुर्चीवर. आधी खरे पेशंट बघू दे."

खरे पेशंट म्हणे! वाचवा म्हणून लेकरू स्वतःच्या पायांनी आलेलं, आणि ही भवानी त्याच्यासमोर पदरावरचा बिस्किटाचा चुरा झाडतेय.

तिथली रीतच तशी घाणेरडी. असल्यांना ब्लँकेट द्यायचं नाही. "ऊब मिळाली की मुक्काम ठोकतात," असं म्हणून हसायचे मेले. आदल्या थंडीत त्याच खुर्चीवर दुसरी एक पोरगी बसलेली. तिनं आपल्या हातानं एक तपकिरी ब्लँकेट घेतलं, इस्त्रीनं कोपरा जळालेलं. याच सिस्टरनं ते तिच्या अंगावरून ओढून काढलं. पोरगी मुकाट उठून गेली. सकाळी तिला परत आणली. तेव्हा मात्र तेच ब्लँकेट दिलं... तोंडावरून. ते तिच्याबरोबरच सरणावर गेलं.

जाऊबाई चादरी घेऊन परत निघाल्या. बोळातला दिवा गेलेला. हीसुद्धा उठून गेली असली तर...

खुर्ची दिसली.

पोरगी होती. गुरफटून बसलेली.

"पांघरायला कोणी दिलं गं?"

"या ताईंनी. मी जायला उठले होते. त्या म्हणाल्या, उठू नकोस."

"कुठल्या ताई?"

पोरीनं शेजारी पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी.

ब्लँकेट तपकिरी होतं. जाऊबाईंनी कोपरा उलटला...

जळालेला.

मागे सिस्टर येऊन उभी होती. बिस्किट हातात तसंच.

जाऊबाईंनी चादरींचा गठ्ठा तिच्या पायाशी आपटला. "डॉक्टरांना तुम्ही उठवता की मी उठवू?"

उठवलं. पोरीला आत घेतलं. डॉक्टर सकाळपर्यंत तिच्याजवळ बोलत बसले. आज ती धडधाकट आहे, अधूनमधून जाऊबाईंना फोन करते.

ब्लँकेट जाऊबाईंनी घरी आणलं. तिथे ठेवायची त्या लोकांची लायकी नव्हती. कपाटात असतं, सगळ्यात खाली. परवा थंडीनं दात वाजत होते, तेव्हा मी कपाट उघडून त्याला हात लावला.

गरम होतं.

आत्ताच कोणीतरी अंगावरून काढून ठेवल्यासारखं...