पॉलिशरवरचं पिवळं वर्तुळ

पेचकसाचं एक टोक तांदूळ घासणाऱ्या पॉलिशर मशीनच्या बेअरिंगवर, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले... सानगडीच्या राइस मिलमध्ये खुशबूला तिथला मिस्त्री अश्विन पहिल्यांदा दिसला तो असा.

"झोपलात का?" तिने विचारलं.

"मशीन ऐकून राहिलो," डोळे न उघडताच तो म्हणाला. "जरा चूप राहा नं जी."

ती चूप राहिली, पण हसू आवरेना. नागपूरच्या कंपनीने तिला नेमक्या याच कामाला पाठवलं होतं: मशीनची थरथर मोजायला. पाच मंगळवार मोजायची. आकडे खरे ठरले तर मालक नंदलालशेठ मिलभर सेन्सर बसवणार आणि खुशबू वरठीहून दर आठवड्याला इथे येत राहणार. खोटे ठरले तर सामान गुंडाळायचं.

"एवढ्याशा डबीत असते काय?" अश्विनने काडेपेटीएवढा सेन्सर निरखत विचारलं.

"आत केसाहून बारीक स्प्रिंगवर टांगलेला एक कण आहे. मशीनला झटका बसला की तो मागे राहतो. किती मागे राहिला, त्यावरून झटका किती मोठा ते कळतं."

"अन् डबी खोटं बोलली तं?"

"म्हणून आधी तिची परीक्षा."

तिने सेन्सर टेबलावर सरळ ठेवला. लॅपटॉपवर सरळ रेघ उमटली, आकडा एक. उलटा ठेवला, उणे एक. आडवा ठेवला, शून्य. अशा सहाही बाजू तिने तपासल्या.

"हालत नाही, तरी एक काहून दाखवते?"

"पृथ्वी ओढते, टेबल थोपवून धरतं. तेवढं तर त्याला जाणवणारच ना! आता तुम्ही हातात धरा."

अश्विनने तळहात पुढे केला. तिने त्यावर सेन्सर ठेवला, आणि स्क्रीनवरची रेघ थरथरायला लागली.

"थंडी आहे जी," तो घाईने म्हणाला.

दुपारचे बारा वाजले होते, वर पत्रे तापले होते, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. खुशबूने ते पाहिलं, पण नोंदवलं नाही.

बेअरिंगवरची जागा तिने आपल्या निळ्या रुमालाने पुसली, भोवती पिवळ्या रंगाने वर्तुळ काढलं आणि चुंबकाने सेन्सर तिथे चिकटवला. पुढचे तीन मंगळवार सुरेख गेले. तो पेचकस लावून आकडा सांगायचा, ती मोजून पडताळायची. फरक दशांशात निघायचा.

"कानात चिप बसवली का तुम्ही?"

"तुमाले पाहून कान जास्तच चालते!"

भंडाऱ्याच्या रस्त्याने स्कूटीवर परतताना ती उगाचच हसत असायची.

पाचव्या मंगळवारी अश्विन जागेवर नव्हता. गोसीखुर्दला मावशीकडे गेला होता, अजून परतला नव्हता. खुशबूने सेन्सर वर्तुळात लावला. आकडा... तिप्पट! तिने पुन्हा मोजला. तेवढाच.

"बेअरिंग गेलं, शेठ. मशीन थांबवा."

ऐन हंगामात मिल थांबली. बाहेर धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. अश्विन आला, त्याने बेअरिंग खोललं, गोळ्या बोटाने फिरवून पाहिल्या. सगळं ठणठणीत होतं.

"मॅडम," नंदलालशेठ म्हणाले, "तुमची डबी खोटी निघाली. गुंडाळा आता."

खुशबूचा चेहरा उतरला. तरी तिने टेबल पुसलं आणि सेन्सर ठेवला. एक, उणे एक, शून्य... सहाही बाजू अचूक. मग चूक कुणाची?

ती पिवळ्या वर्तुळाकडे गेली, बोट फिरवलं. बोटाला कोंड्याचं तेलकट पूट लागलं. त्या पुटावर चुंबक डुगडुगत होता, सेन्सर त्याचीच थरथर मोजत होता. जागा पुसल्याशिवाय सेन्सर लावायचा नाही, हा पहिला धडा. आणि आपण ती पहिल्याच मंगळवारी तेवढी पुसली! मग मधले तीन मंगळवार ती चकचकीत कशी होती?

तिने अश्विनकडे पाहिलं. तो बेअरिंगकडे पाहत होता.

"हे कोण पुसत होतं?"

"तुम्ही साडेदहाले येता. मी दहाले घासलेटनं पुसून ठेवत होतो. आज... मावशीकडून निघायले उशीर झाला."

"पण काहून?" ऑफिसची मराठी बाजूला राहून तिच्या तोंडून घरची बोली निसटलीच.

"पहिल्या दिवशी तुमचा रुमाल खराब झाला होता," तो हळूच म्हणाला. "निळा."

 ती सरळ शेठसमोर गेली. "सेन्सर खरा आहे, चूक माझी. मी जागा पुसली नव्हती. बेअरिंग बसलं की एकदा मोजू द्या."

"दुसऱ्यावर नाही ढकललं तुम्ही, हे बरं केलं," शेठ गुरगुरले. "मोजा."

बेअरिंग बसलं, वर्तुळ तिने स्वतः पुसलं, मशीन सुरू झालं. आकडा पुन्हा जागेवर आला. अश्विनने पेचकस कानाला लावून मान डोलावली.

"पुढल्या मंगळवारी बाकीच्या मशीनीही दाखवतो," शेठ म्हणाले. "पण पुसून लावजा."

दीडला मिल जेवायला थांबली. एवढी शांतता झाली की छपरावरचं कबूतर ऐकू आलं. खुशबूने सेन्सर काढून हातात घेतला.

"आता तुम्ही पुसायचं नाही. माझं काम मी करीन."

"मंग मी काय करू?"

तिने सेन्सर तळहातावर तसाच धरून ठेवला. अश्विनची नजर लॅपटॉपवर गेली. एवढ्या आठवड्यांत तो रेघ वाचायला शिकला होता.

"मशीन तं बंद आहे जी..."

"हो."

"मंग... थंडी?"

"थंडी नाही," खुशबू म्हणाली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हवं तर तपासून घ्या."

त्याने पेचकस खाली ठेवला, हात पँटला नीट पुसला, आणि तिच्या तळहाताखाली आपला तळहात धरला. रेघ आणखीच थरथरली. दोघांपैकी कुणीही ती नोंदवायच्या भानगडीत पडलं नाही.