कपाटातले कागद

"मूळ गुणपत्रिका देऊ नकोस गं, झेरॉक्सवर भागव," शेजारच्या शालिनीताई म्हणाल्या होत्या. मला नोकरी लागली होती माधवगंजच्या शाळेत; त्या तिथेच बारा वर्षं शिकवून थकलेल्या. मी हसण्यावारी नेलं. नोकरी लागत होती... कागदांचं काय एवढं!

त्याच दुपारी नया बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर माझी गुणपत्रिका एका उंच मुलाच्या फायलीत गेली, त्याची माझ्याकडे आली.

"संस्कृतमध्ये एक्क्याण्णव? ये मेरी तो नहीं हो सकती," तो म्हणाला. मग नाव वाचलं. "शरयू... म्हणजे मराठीच की!"

"आणि तुम्हाला इंग्रजीत छत्तीस."

"अहो, हळू! दुकानदार ऐकतोय."

तो अंबरीश. त्याच शाळेत गणिताला लागलेला. दोघांनीही मूळ कागद कार्यालयाच्या कपाटात जमा केले. तिथली रीतच तशी – कागद त्यांच्याकडे, म्हणजे माणूसही त्यांच्याकडे.

मधल्या सुटीत तो खडूनं पांढरी झालेली बोटं दाखवून नुसतं तोंड उघडायचा. मी इकडेतिकडे बघून चटकन घास द्यायची.

भोपाळची चांगली नोकरी त्यानं नाकारली.

"का रे?"

"तिथल्या स्टाफरूममध्ये तू कुठेयस?"

मला तेव्हा ते प्रेम वाटलं. होतंच.

आता लग्नाला सहा वर्षं झाली. प्रांजली तीन वर्षांची, म्हणून मी घरी. तो रोज शाळेत जायला बूट घालतो आणि तसाच बसून राहतो. मी स्वयंपाकघरातून बघते. गेल्या वर्षी मीच म्हटलं होतं, "मुलगी लहान आहे, अभी नौकरी मत छोडो."

काल इंदूरच्या एका शाळेतून नोकरीचं बोलावणं आलं. सोमवारी मूळ कागद घेऊन या. त्यानं पत्राची घडी घातली.

"जाणार नाहीस?"

"छोड ना, शरयू. चाललंय की."

"माझ्यासाठी थांबलास ना? मग आता माझ्यासाठीच नीघ."

त्यानं पत्र खाली ठेवलं. "घाबरलीयेस तू."

"घाबरलेयच. तरी नीघ."

त्यानं माझा हात धरला... किती दिवसांनी!

आज सकाळी तो शाळेत कागद मागायला गेलाय. दुपार झाली, फोन उचलत नाही. प्रांजलीला ताप आहे, मला घर सोडता येत नाही. तुम्ही माधवगंजावरून जात असाल, तर शाळेच्या फाटकाशी जरा बघाल? उंच आहे, निळा शर्ट. कट्ट्यावर एकटाच बसलेला दिसला, तर सांगा – कागद नाही मिळाले तरी घरी ये म्हणावं.